दिशादर्शक दिव्याची टिकटिक

मोटारीच्या इतिहासात इंजिनाचे पोवाडे पुष्कळांनी गायिले आहेत. परंतु जी वस्तू गाडीत बसणाऱ्यासाठी नसून रस्त्यावरील परक्या माणसासाठी आहे, तिचा इतिहास क्वचितच सांगितला जातो. ती वस्तू म्हणजे वळणाची सूचना देणारा, लुकलुकणारा पिवळा दिवा. अलीकडे अनेक हौशी मालक हा दिवा आणि त्याला लुकलुकविणारा फ्लॅशर घरच्या घरी बदलू लागले आहेत. बदल करावा किंवा करू नये, हे ठरविण्यापूर्वी हा दिवा कोठून आला आणि त्याच्या टिकटिकीत काय साठविलेले आहे, ते पाहणे उचित होईल.

प्रथम हात होता. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या अकराव्या अनुसूचीत या हाताची भाषा सरकारने लिहून ठेवली होती. उजवीकडे वळायचे असेल तर उजवा हात आडवा बाहेर काढावा, तळवा समोर असावा. डावीकडे वळायचे असेल तर तोच हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवावा. वेग कमी करावयाचा असेल तर तळवा खाली करून हात वरखाली हलवावा. थांबावयाचे असेल तर कोपरापासून हात उभा धरावा. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो. तेव्हा डावीकडे जायचे तरी बोलणार तो उजवाच हात!

रायपूर त्या वेळी मध्यप्रांत-वऱ्हाडात होते आणि येथला राज्यकारभार नागपुराहून चाले. नागपूर-रायपूर-संबळपूर या वाटेला रायपूरकर आजही जी. ई. रोड म्हणतात, ग्रेट ईस्टर्न रोड हे तिचे पुरे नाव. अशा लांबच्या रस्त्यावर हाताच्या भाषेचे दोष लपण्यासारखे नव्हते. रात्री हात दिसत नाही. पावसात काच उघडवत नाही. मालमोटारीच्या मागून येणाऱ्याला डाव्या अंगाने चालकाचा हात दिसतच नाही. कायदा करणाऱ्यांनाही याची जाणीव असावी. कारण हाताऐवजी यांत्रिक किंवा विजेच्या साधनाने सूचना देण्याची मुभा त्याच कायद्याने ठेविली होती.

ते साधन प्रथम आले ते रेल्वेचे रूप घेऊन. आपण मराठी माणसे अजूनही ‘सिग्नल पडला’ असे म्हणतो. खांबावरची दांडी खाली झुकली की गाडीला वाट मोकळी, हे आपल्या पूर्वजांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि तो शब्द भाषेत मुरला. मोटारीतही तशीच एक छोटी दांडी आली. तिला ट्रॅफिकेटर म्हणत. मॉरिस मायनरसारख्या इंग्रजी गाड्यांत ती दोन दारांमधील खांबात लपलेली असे. कळ फिरविली की विद्युतचुंबक तिला बाहेर ओढी आणि तिच्या पोटातला दिवा पेटे. कल्पना मोठी सुबक. परंतु धूळ आणि चिखल यांच्यापुढे ती टिकेना. दांडी अडकली की चालक खांबावर बुक्का मारी आणि मग ती नाइलाजाने बाहेर येई. शिवाय दांडी स्थिर राहात असल्यामुळे गर्दीत ती नजरेत भरत नसे.

डोळ्याचा धर्म असा की, स्थिर प्रकाशापेक्षा बदलता प्रकाश तो अगोदर टिपतो. या धर्माचा उपयोग करून अमेरिकेत ब्युइक कंपनीने १९३९ साली आपल्या गाड्यांच्या मागील बाजूस लुकलुकणारे दिशादर्शक दिवे कारखान्यातच बसवून दिले. आपला कायदा आणि हा दिवा एकाच वर्षाचे, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. पुढील दोन-तीन दशकांत दांडी हळूहळू नाहीशी झाली आणि जगभर लुकलुकता दिवा रूढ झाला.

दिव्याला लुकलुकविणारा फ्लॅशर म्हणजे अंगठ्याएवढी डबी. तिच्या एका प्रकारात भिन्न गतीने प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी असे. दिव्यांकडे जाणारा प्रवाह तिला तापवी, पट्टी वाकून जोड तुटे, दिवे विझत, पट्टी निवे आणि पुन्हा जोड लागे. टिकटिक हा त्या वाकण्या-सरळण्याचा आवाज. या साधेपणात एक शहाणपण दडलेले होते. एका बाजूच्या २१ वॅटच्या दोन दिव्यांना १२ व्होल्टवर सुमारे साडेतीन अँपिअर प्रवाह लागतो. एक दिवा गेला की प्रवाह निम्म्यावर येई, पट्टी पुरेशी तापत नसे आणि लय बिघडे किंवा थांबे. मागचा दिवा चालकाला दिसत नाही. परंतु तो गेल्याची बातमी कानाला लागे. पुढे इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर आले, तेव्हाही ही सोय राखली गेली. दिवा गेला की लुकलुक जवळजवळ दुप्पट वेगाने होऊ लागते.

आता घरगुती फेरफाराकडे वळू. नवे एलईडी दिवे तत्काळ उजळतात आणि प्रवाह फारच थोडा घेतात. जुना फ्लॅशर मात्र या काटकसरीचा अर्थ ‘दिवा गेला’ असा लावतो आणि घाईघाईने लुकलुकू लागतो. यावर दोन उपाय केले जातात. पहिला, प्रत्येक दिव्याला समांतर एक रोधक जोडणे. सहा ओहमचा रोधक १२ व्होल्टवर दोन अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे २४ वॅट उष्णता केवळ फ्लॅशरची समजूत घालण्यासाठी खर्च होते. तो प्लास्टिकला किंवा वायरीला टेकला तर ती वितळण्याचा धोका असतो. दुसरा उपाय, भारावर अवलंबून नसलेला फ्लॅशर बसविणे. जुन्या दोन टोकांच्या डबीच्या जागी तीन टोकांची डबी आली तर तिच्या तिसऱ्या टोकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारी तार द्यावी लागते. जर्मन पद्धतीच्या खुणांत ही टोके ४९, ४९अ आणि ३१ या आकड्यांनी ओळखली जातात. पैकी ३१ हे सांगाड्याचे. काम अर्ध्या तासाचे आहे.

परंतु दोन्ही उपायांत एक गोष्ट गमावली जाते. रोधक प्रवाह घेतच राहतो. साधा भारनिरपेक्ष फ्लॅशर प्रवाहाची विचारपूसच करीत नाही. उद्या मागचा दिवा खरोखरच गेला तरी आतली टिकटिक पूर्वीसारखीच संथ चालू राहील. कचेरीच्या भाषेत सांगावयाचे तर, तक्रार-वही कपाटात ठेवून तक्रारी संपल्याचे वरिष्ठांना कळविण्यासारखेच हे आहे. चालक आश्वस्त असतो आणि मागून येणारा सायकलस्वार अंधारात.

कायद्याची दृष्टी येथे नेमकी आहे. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०२ वा नियम सांगतो की, हा दिवा पिवळसर नारिंगी असावा आणि मिनिटाला ६० हून कमी व १२० हून अधिक वेळा लुकलुकू नये. ताशी ६० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला सुमारे १७ मीटर जाते. म्हणजे मंद मर्यादेवर एका लुकलुकीत १७ मीटर आणि वेगवान मर्यादेवर साडेआठ मीटर अंतर संपते. याहून मंद इशारा उशिरा कळेल, तर फार वेगवान इशारा डोळ्याला थरथरीसारखा वाटेल.

तेव्हा हात घालावयाचा असेल त्याने अवश्य घालावा. यंत्राशी सलगी करणे ही वाईट सवय नव्हे. मात्र भार न मोजताही दिवा गेल्याची खबर देणारी व्यवस्था मिळत असेल तर तीच घ्यावी. ती नसेल तर जुन्या पट्टीचे काम आपल्या अंगावर आले असे समजावे. घड्याळ लावून मिनिटभर लुकलुक मोजावी आणि आठवड्यातून एकदा दिवे लावून गाडीभोवती एक प्रदक्षिणा घालावी. हात गेला, दांडी गेली, तापणारी पट्टीही जात आहे. पण ‘मी आता वळतो आहे’ हे परक्याला वेळेवर सांगण्याची जबाबदारी १९३९ साली चालकावर होती, तशीच ती आजही चालकावरच आहे.