पाचवे चाक

न्हावा-शेव्याच्या बंदरातून कंटेनर घेऊन निघालेला ट्रेलर आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. पुढे इंजिनाची आखूड गाडी, जिला ट्रकवाले 'घोडा' म्हणतात, आणि मागे लांबलचक ट्रेलर. या ट्रेलरला पुढच्या बाजूला चाकेच नसतात. त्याचे पुढचे टोक घोड्याच्या पाठीवर, ग्रीस फासलेल्या एका लोखंडी तबकडीवर टेकलेले असते. तबकडीचे नाव 'फिफ्थ व्हील', म्हणजे पाचवे चाक. जे कधी जमिनीला लागत नाही त्याला चाक का म्हणावे?

उत्तर खऱ्या घोड्यांच्या काळात सापडते. चारचाकी बग्गी वळवायची तर पुढचा आस चाकांसकट फिरावा लागे. म्हणून आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये एक आडवे लोखंडी कडे बसवीत. चार चाके रस्त्यावर, हे पाचवे आडवे. घोडे गेले, नाव मात्र उरले.

1914 साली डेट्रॉइटमधील लोहार ऑगस्ट फ्रुहॉफ यांच्याकडे लाकडाचे एक व्यापारी आपली होडी मोटारीमागून न्यायची सोय मागायला आले. फ्रुहॉफनी फोर्डच्या मॉडेल टी गाडीमागे जोडता येईल असा दोनचाकी गाडा बनवला आणि त्याला 'सेमी-ट्रेलर' म्हटले, कारण त्याचे अर्धे ओझे पुढची गाडी पेलत असे. घोडा पाठीवर वाहतो त्याहून किती तरी जास्त ओढतो, मग मोटारीनेही तसेच का करू नये, असा हा विचार. त्याच दशकात चार्ल्स मार्टिन यांनी मागेपुढे डोलणारे पाचवे चाक प्रचारात आणले. पुढे विमानविद्येतील अग्रणी ग्लेन कर्टिस यांनी फ्लॉरिडात 'एरोकार' नावाची चाकांवरची घरे बनवली. त्यांच्या जोडणीसाठी त्यांनी हवा भरलेले चाकच मोटारीच्या मागच्या भागात आडवे ठेवले. नाव पुन्हा खरे झाले म्हणायचे!

आज अमेरिकेत अशी घरे पिकअप ट्रकने ओढतात. पिकअप म्हणजे पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा. घराचा पुढचा उंच भाग हौद्यावर येतो आणि त्याखालची सुमारे 5 सेंटिमीटर जाडीची खीळ हौद्यातल्या पाचव्या चाकात अडकते. ही जागा मागच्या आसावर किंवा त्याच्या किंचित पुढे असते. सारे मर्म इथे आहे.

बैलगाडी भरणाऱ्याला हे शिकवावे लागत नाही. मागे माल जास्त झाला की गाडी उलाळ होते आणि जू वर उचलले जाते. पुढे जास्त झाला की ती धुरजड होते, भार बैलांच्या मानेवर येतो. साध्या ट्रेलरची जोडणी पिकअपच्या अगदी मागे, आसापासून समजा 1.2 मीटर अंतरावर असते. पुढच्या-मागच्या आसांतील अंतर 3.6 मीटर धरू. जोडणीवर 430 किलो भार पडला, तर तरफेच्या नियमाने पुढच्या आसावरचा भार 430 × 1.2 ÷ 3.6, म्हणजे सुमारे 143 किलोने कमी होतो. पिकअप उलाळ होऊ लागतो. त्यात ट्रेलर डोलू लागला, तर प्रत्येक हिसका याच 1.2 मीटरच्या दांड्याने पिकअपचे शेपूट हलवतो. पाचव्या चाकात हा दांडाच जवळजवळ नाहीसा होतो. म्हणून ते चालवायला स्थिर वाटते.

पण फसगत होते ती इथेच. साध्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण 10 ते 15 टक्के भाग जोडणीवर येतो. पाचव्या चाकावर 15 ते 25 टक्के. 3600 किलोच्या घराचा 20 टक्के भाग 720 किलो होतो. त्यात जोडणीचे 80 किलो आणि चार माणसांचे 280 किलो मिळवा: 1080 किलो. हलक्या पिकअपला 'अर्ध्या टनाचा' म्हणायची जुनी पद्धत आहे. आजचे पिकअप त्या नावाहून पुष्कळ जास्त वाहतात, तरी त्यांची वहनक्षमता बहुधा 650 ते 850 किलोच असते. ओढण्याची क्षमता मात्र जाहिरातीत 4000 किलोच्या पुढे दिलेली असते. घराचे वजन त्याहून कमी पाहून ग्राहक निश्चिंत होतो. इंजिन ओढतेही. मोडतात ती स्प्रिंगे, फाटतात ते मागचे टायर. घोड्याला ओझे ओढायला लावले म्हणताना आपण ते त्याच्या पाठीवरही ठेवलेले असते!

जाहिरातीतला आकडा खोटा असतो असे नाही. पूर्वी प्रत्येक कंपनी तो आपल्या मापाने काढी. मग अमेरिकेतील वाहन अभियंत्यांच्या संस्थेने जे2807 ही चाचणी ठरवली आणि 2011 च्या मॉडेलपासून टोयोटाने ती प्रथम स्वीकारली. ॲरिझोनातील डेव्हिस धरणाजवळचा सुमारे 18 किलोमीटरचा चढ त्यात वातानुकूलन चालू ठेवून चढावा लागतो. चाचणी कडक आहे, पण हलक्या पिकअपमध्ये माणसे धरलेली असतात दोनच, प्रत्येकी 68 किलोची. मुले, त्यांच्या सायकली आणि कुत्रा त्यात येत नाहीत.

ज्या आकड्यात ते येतात, तो चालकाच्या दाराच्या खांबावर चिकटवलेल्या छोट्या पट्टीवर छापलेला असतो: माणसे आणि सामान मिळून इतक्या वजनापेक्षा जास्त नको. खिळीवरचा भार त्यातूनच वजा करायचा असतो.