क्षेत्र आणि पेठ : महाबळेश्वरच्या दोन वस्त्यांचा इतिहास

महाबळेश्वर या एकाच नावाखाली वस्तुतः दोन गावे नांदतात. एक श्रीक्षेत्र महाबळेश्वर, म्हणजे नदीउगमाचे व देवस्थानाचे जुने गाव. दुसरे तेथून सुमारे सहा किलोमीटर अंतरावरील माल्कमपेठ, जे आज 'महाबळेश्वर' म्हणून सर्वपरिचित आहे. पहिल्याकडे यात्रेकरू जातो, दुसऱ्याकडे प्रवासी. या दोन वस्त्यांचा परस्परसंबंध कसा घडला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

क्षेत्राचे महत्त्व मुळात भौगोलिक आहे. सह्याद्रीच्या या सुमारे साडेचार हजार फूट उंचीच्या पठारावरून कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेकडे, तर सावित्री व गायत्री पश्चिमेकडे वाहतात. वेण्णा माहुलीस आणि कोयना कऱ्हाडास कृष्णेला मिळते व ते पाणी बंगालच्या उपसागरास जाते. सावित्री मात्र पोलादपूर-महाडमार्गे अरबी समुद्र गाठते. एकाच डोंगरमाथ्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जावा, ही गोष्ट भूगोलाच्या अभ्यासकालाही विस्मयकारक वाटते. श्रद्धाळू मनाने तिला तीर्थाचे रूप दिले, यात नवल नाही. पंचगंगा मंदिरात या पाचही प्रवाहांचे पाणी एकत्र येऊन गोमुखातून पडते. त्यांच्या जोडीला भागीरथी व सरस्वती यांच्याही जागा आहेत. भागीरथी दर बारा वर्षांनी, गुरू कन्या राशीत आला असता, कृष्णेच्या भेटीस येते आणि सरस्वती साठ वर्षांनी प्रकटते, अशी परंपरा आहे. जवळच महाबळेश्वर व अतिबळेश्वर ही शिवस्थाने असून यादव राजा सिंघण याने येथे बांधकाम केल्याचे परंपरा सांगते.

राजकीय इतिहासात हे क्षेत्र ठळकपणे येते ते जावळीच्या संदर्भात. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी मोऱ्यांकडून जावळी घेतली आणि त्यानंतर लगेच प्रतापगडाची उभारणी झाली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाचा प्रसंग याच गडाच्या पायथ्याशी घडला. ६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाराजांनी क्षेत्र महाबळेश्वरी जिजाऊमातोश्रींची व वृद्ध सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला केली. त्याच वर्षी मिर्झाराजा जयसिंगाची स्वारी व पुरंदरचा तह झाला, हे ध्यानात घेतले म्हणजे या दानविधीकडे पाहण्याची दृष्टी बदलते. राज्य अवघ्या काही महिन्यांनी संकटात सापडणार होते. परंतु त्या दिवशी हे डोंगरातले देवस्थान राज्याच्या धर्मकृत्याचे केंद्र होते.

दुसऱ्या गावाची कथा याहून अगदी निराळी आहे. १८२४ च्या उन्हाळ्यात साताऱ्याच्या इंग्रज फौजेचा अधिकारी लॉडविक हा या पठारावर आला. पुढे रेसिडेंट ब्रिग्ज याच्या आग्रहावरून छत्रपती प्रतापसिंह महाराजांनी साताऱ्याहून येथवर रस्ता करविला. आजारी गोऱ्या सैनिकांसाठी थंड हवेचे ठिकाण हवे, हा मूळ हेतू होता. मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम याने १८२९ मध्ये वाई भागातील खंडाळा गाव देऊन त्याच्या मोबदल्यात ही जागा छत्रपतींकडून मिळविली आणि नव्या पेठेस त्याचेच नाव पडले. पुढे मुंबई सरकारचा उन्हाळी मुक्काम येथे होऊ लागला.

या व्यवहारास 'अदलाबदल' म्हणतात. मात्र दोन्ही पक्षांचे बळ समान नव्हते. ज्या प्रतापसिंहांनी रस्ता दिला, जागा दिली, त्यांना १८३९ मध्ये पदच्युत करून काशीस पाठविण्यात आले व तेथेच १८४७ मध्ये त्यांचा अंत झाला. त्यांचे बंधू अप्पासाहेब ऊर्फ शहाजी यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधविला. आज तेथे नौकाविहार करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना हे ठाऊक असते. १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले.

पठारावरील स्थलनामेही या सत्तांतराची साक्ष देतात. मढीमहाल 'आर्थर सीट' झाला, नाकेखिंड 'केट्स पॉइंट' झाली, तर सर्वांत उंच सिंदोळ्याच्या टेकडीस विसाव्या शतकात गव्हर्नर विल्सनचे नाव मिळाले. लॉडविकच्या मुलाने १८७४ मध्ये पित्याच्या स्मरणार्थ कड्यावर स्तंभ उभारला. तो आजही पाहावयास मिळतो.

ज्यांच्या श्रमांवर ही पेठ उभी राहिली त्यांचा मात्र असा स्तंभ नाही. १८३४ च्या सुमारास येथे चिनी व मलायी कैद्यांचा तुरुंग होता. समुद्रापलीकडून आणलेल्या या माणसांकडून रस्त्यांची कामे करून घेतली गेली. बटाटा व विलायती भाज्यांची लागवड आणि वेताच्या टोपल्या विणण्याची कला येथे रुजली ती मुख्यतः त्यांच्यामुळे, असे जुन्या सरकारी वृत्तांतांवरून दिसते. १८६४ मध्ये तुरुंग बंद झाला. त्यांची नावे कोणत्याही पॉइंटास मिळाली नाहीत.

२००१ मध्ये केंद्र शासनाने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून घोषित केला. पेठेतील हॉटेले आणि बाजार यांच्या वाढीवर त्यामुळे निर्बंध आले. क्षेत्रातील गोमुखाचे पाणी टिकावयाचे, तर त्याच पठारावरील जंगल टिकणे आवश्यक होते. २०१६ मध्ये गुरू कन्येत आला तेव्हा कृष्णाकाठी कन्यागताचा सोहळा झाला. पुढचे कन्यागत २०२८ मध्ये येईल.