स्वयंपाकघराची फरशी

घरातल्या सगळ्या जमिनींपैकी सर्वांत जास्त पाणी, तेल आणि आपटाआपट सोसणारी जमीन. महाराष्ट्रात तिच्यासाठी आज प्रामुख्याने व्हिट्रिफाइड व सिरॅमिक टाइल, कोटा, शहाबादी आणि ग्रॅनाइट वापरतात. जुन्या इमारतींत मोझाइक टिकून आहे, काही घरांत संगमरवर, लाल कोबा किंवा व्हिनाइलही दिसते. निवड बहुधा दुकानातल्या दिव्यांखाली, चकाकी बघून होते. तिथे विचारायचे प्रश्न मात्र वेगळेच असतात : फरशी पाणी किती पिते, लिंबू-चिंचेला टिकते का, तेल सांडल्यावर पाय ठरतो का आणि सांधे कशाने भरणार.

चूल जमिनीवर होती तोवर जमीन हाच ओटा होता. विळीवर चिरणे, पाट्यावर वाटणे, भाकरी थापणे, पाट मांडून जेवणे हे सगळे तिथेच. चोपून सारवलेली ही जमीन मुसळाचा दणका सोसायची आणि उखडली तर लिंपून घेता यायची. कोकणात सारवणात कोळशाची पूड कालवून तिला काळाभोर रंग देत. तिला सोसत नसे ते पाणी. म्हणून मोरीपुरता दगड आधी आला आणि मग तो हळूहळू चुलीपर्यंत सरकला. उभ्याने स्वयंपाक करण्याचा ओटा आल्यावर जमिनीवरची कामे उरली नाहीत, पण सांडणे-पडणे वाढले. कंबरेइतक्या उंचीवरून निसटलेला कुकर आणि बसल्या जागी लवंडलेले पातेले यांच्या आघातात बराच फरक असतो.

दगडांत मराठी घराला सर्वांत ओळखीची शहाबादी. कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातले शहाबाद सोलापूरहून वाडीकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावरच आहे, त्यामुळे हा दगड पुण्या-मुंबईपर्यंत आणणे सोपे होते. वाड्यांत, चाळींत, सरकारी क्वार्टर्समध्ये तो सर्रास बसला. आंध्रातला काळा कडप्पा आणि राजस्थानातल्या कोटा भागातला हिरवट-राखाडी कोटा हे त्याचेच भाऊबंद, तिन्ही चुनखडक. म्हणजे मूळ घटक कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्याचे आम्लाशी हाडवैर. लिंबू पिळताना पडलेला थेंब, चिंचेचा कोळ, सांडलेले ताक, लोणच्याचा खार यांपैकी काहीही तासभर राहिले, की पॉलिश खाल्ले जाते आणि फिकट पांढुरका ठिपका उरतो. तो डाग नसतो, दगडाचा वरचा थरच झिजलेला असतो. त्यामुळे कितीही घासले तरी तो जात नाही. पुन्हा पॉलिशच करावे लागते. कडप्प्याचा जुना ओटा जवळून पाहिला, तर चिरायच्या जागेभोवती असे ठिपके सापडतातच. न्हाणीघरासाठी आणलेले ॲसिड स्वयंपाकघरातल्या दगडावर फिरवणे म्हणजे फरशी हाताने सोलून काढणे होय.

तरीही कोटा ही स्वयंपाकघरासाठी अजूनही शहाणी निवड आहे. तो घट्ट दाण्याचा, पायाला थंड, कुकर पडला तर कोपरा उडतो पण बहुधा आरपार तडकत नाही, आणि वीस वर्षांनी मशीन फिरवले की पुन्हा नवा दिसतो. शहाबादी त्याहून स्वस्त, पण थरांची. वाईट खाणीतला माल आला तर पापुद्रे सुटतात. दोन्ही दगडांची जाडी एकसारखी नसते, त्यामुळे बसवताना गवंड्याचा हात पारखावा लागतो. वजनही लक्षात घ्यायला हवे. २५ मिलिमीटर जाडीचा कोटा एका चौरस मीटरला ६० किलोच्या वर जातो, खालचा सिमेंट-वाळूचा माल वेगळा. काँक्रीटच्या स्लॅबला ते जड नाही. जुन्या वाड्याच्या किंवा चाळीच्या लाकडी तुळयांवर मात्र इंजिनिअरला विचारल्याशिवाय असा भार घालू नये.

संगमरवराबद्दल फार लिहायचे कारण नाही. तोही कॅल्शियम कार्बोनेटच, त्यात पांढरा. हळद, चहा, लिंबू तिन्ही त्याच्यावर उमटतात. दिवाणखान्यात शोभतो, तिथेच राहू द्यावा. ग्रॅनाइटची गोष्ट उलटी : फेल्डस्पार आणि गारेचा बनलेला असल्याने घरातली आम्ले त्याला काही करीत नाहीत. म्हणून ओट्यावर कडप्प्याची जागा त्याने घेतली. जमिनीवर तो आरशासारखा घोटून टाकला तर ओल्या पायांना धोका. खरबरीत किंवा लेदर फिनिश घेतले तर उत्तम, पण पैसे जास्त.

मोझाइक म्हणजे सिमेंटात संगमरवराच्या चिपा घालून दाबलेल्या टाइल, बसवल्यावर मशीनने घासलेल्या. या सिमेंट टाइलना आपल्याकडे स्वदेशीचा इतिहास आहे. परदेशी टाइलना देशी पर्याय म्हणून फिरोजशा सिधवा आणि त्यांचे पुतणे रुस्तम सिधवा यांनी १९२२ मध्ये भारत फ्लोअरिंग्ज अँड टाइल्स ही कंपनी काढली. मुंबईतल्या कितीतरी जुन्या इमारतींत तिच्या टाइल आजही पायाखाली आहेत. जुने मोझाइक उखडण्याआधी एकदा पॉलिशवाल्याला बोलावून कोपरा घासून पाहावा. खाली दडलेला रंग पाहून मालकांचा बेत बदलल्याची उदाहरणे कमी नाहीत. गोव्यात आणि तळकोकणात लाल कोबाही दिसतो : सिमेंटात लोहाचा लाल ऑक्साइड मिसळून घोटलेली एकसंध जमीन. तिला सांधा नसतो, त्यामुळे मळ अडकत नाही. पण घोटणारे जाणते हात कमी झालेत आणि घाईने केलेल्या कोब्याला केसासारख्या चिरा पडतात.

नव्या फ्लॅटमध्ये बिल्डर जे घालून देतो ते बहुतेक वेळा व्हिट्रिफाइड. माती, फेल्डस्पार आणि सिलिका यांचे मिश्रण प्रचंड दाबाखाली दाबून सुमारे १२०० अंश सेल्सिअसला भाजले, की त्यातला काही भाग काचेसारखा वितळून छिद्रे बुजवतो. आंतरराष्ट्रीय प्रमाणानुसार अशा टाइलचे पाणी शोषण ०.५ टक्क्याच्या आत असावे लागते. साध्या सिरॅमिक फ्लोअर टाइलचे ते साधारण ३ ते ६ टक्के, तर भिंतीच्या टाइलचे १० टक्क्यांच्या वर. भिंतीची टाइल स्वस्त पडते म्हणून जमिनीला लावली तर वर्ष-दोन वर्षांत पस्तावण्याची पाळी येते. दुकानात ओळखायची युक्ती सोपी : टाइल उलटी करून पाठीवर पाण्याचा थेंब टाकावा. व्हिट्रिफाइडवर तो तसाच बसून राहतो, भिंतीची टाइल तो बघता बघता पिऊन टाकते. देशातल्या टाइलचा मोठा भाग गुजरातेतल्या मोरबीत बनतो, त्यामुळे नाशकाचे दुकान असो की कोल्हापूरचे, खोक्यावर पत्ता बहुधा तिथलाच.

व्हिट्रिफाइडमध्येही पोटजाती आहेत आणि विक्रेता त्यांची नावे भराभर सांगतो. डबल चार्जमध्ये रंगाचा थर तीन-चार मिलिमीटर जाड असतो, त्यामुळे ओरखडा किंवा छोटा टवका चटकन नजरेत येत नाही. ग्लेझ्ड व्हिट्रिफाइडवर नक्षी पृष्ठभागावर छापलेली असते. लाकूड, दगड, काहीही हुबेहूब दिसते, पण बत्ता पडून टवका उडाला की आतली वेगळ्या रंगाची माती दिसते. घासून चकाकी आणलेल्या टाइलची बारीक छिद्रे पॉलिशने उघडी पडतात आणि ती लेप देऊन बुजवावी लागतात. लेप झिजला की पांढऱ्याशुभ्र टाइलवर पुसूनही न जाणारा मळकटपणा येतो. जमिनीवर बसून खलबत्ता चालवणाऱ्या किंवा नारळ फोडणाऱ्या घराने खाली दगडाचा तुकडा ठेवावा. कोणतीही टाइल तो मार रोज सोसत नाही.

घसरण्याचे मोजमापही आहे. जर्मन पद्धतीत तेल माखलेल्या फळीवर माणूस चालवतात आणि फळी हळूहळू तिरपी करत नेतात. किती अंशांवर पाय निसटला त्यावरून आर ९ ते आर १३ असे दर्जे ठरतात. आर ९ म्हणजे ६ ते १० अंश, आर १० म्हणजे १० ते १९. घरच्या स्वयंपाकघराला आर १० पुरते. त्याहून खरबरीत टाइल सुरक्षित खरी, पण तिच्या खाचांत तेलकट धूळ बसते आणि पोछा अडकतो. घरात वयस्कर माणसे असतील तर चकचकीत टाइल नकोच, मग ती कितीही मोठी खोली भासवू दे.

मराठी स्वयंपाकघराची खरी परीक्षा हळद घेते, आणि ती टाइलची नव्हे, सांध्यांची. हळदीतले कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. फोडणीचा थेंब सिमेंटच्या सांध्यात शिरला की पिवळा पट्टा कायमचा. शिवाय अल्कली लागताच कर्क्युमिन तांबूस होते, म्हणून सोडा किंवा कपड्यांची पावडर टाकून घासणाऱ्याला पिवळ्याच्या जागी लालसर डाग बघून धक्का बसतो. उन्हात हा रंग हळूहळू विटतो, पण ओट्याखाली ऊन येणार कुठून? उपाय म्हणजे इपॉक्सी ग्राउट. ते महाग, लवकर घट्ट होणारे आणि टाइलवर सांडलेले वेळीच न पुसल्यास चिकटून बसणारे. कामगार त्याला नाके मुरडतात. तरी टाइलवर चौरस फुटामागे चार पैसे वाचवून ते इथे घालणे केव्हाही चांगले. सांधा अजिबात नको असा हट्टही धरू नये. दोन-तीन मिलिमीटरचे स्पेसर घालून बसवलेल्या टाइलना उन्हाळ्यात फुगायला जागा मिळते, एकमेकींना खेटलेल्या टाइल कधी कधी मधूनच वर उचलल्या जातात.

बसवण्याचे काम बिघडले तर महागडी टाइलही वाया जाते. पाठीला चार-पाच ठिकाणी सिमेंटचे गोळे लावून चिकटवलेली टाइल खाली पोकळ राहते. नाण्याने ठोकल्यावर ती भदभद वाजते आणि जड भांडे नेमके तिथे पडले की फुटते. काम चालू असतानाच ठोकून पाहावे. मजुरी चुकती केल्यावर कोणी परत येत नाही. सिंकखाली नहाणी ट्रॅप असेल तर तिकडे हलका ढाळ हवा. मोठ्या आकाराच्या टाइल, उदाहरणार्थ चार फूट बाय दोन फूट, असा ढाळ नीट घेत नाहीत, हेही आकार निवडताना आठवावे.

मोजणीचे उदाहरण घेऊ. दहा बाय आठचे स्वयंपाकघर ८० चौरस फूट. कापाकापीसाठी दहा टक्के धरले की ८८. दोन बाय दोनच्या चार टाइलचे खोके साधारण साडेपंधरा चौरस फुटांचे, म्हणजे सहा खोकी. सातवे माळ्यावर ठेवण्यासाठी. डिझाइन दोन-तीन वर्षांत बंद होतात आणि मागाहून एकच टाइल हवी झाली तर मिळत नाही. सगळ्या खोक्यांवरचा लॉट आणि शेड क्रमांक एकच आहे ना, हे टेम्पोतून उतरवतानाच पाहावे.

लाकूड आणि लॅमिनेट आपल्या दमट किनारपट्टीच्या स्वयंपाकघराला मानवत नाहीत. लॅमिनेटचा गाभा लाकडी भुशाचा, पाणी शिरले की तो फुगतो. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी घरांत चित्र निराळे असते. तिथली घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची. जमीन पावलागणिक किंचित दबते, आणि अशा जमिनीवर टाइल लावायची तर आधी ती मजबूत करून सिमेंट बोर्ड घालावे लागते, नाहीतर सांधे तडकतात. म्हणून तिथे हार्डवुड किंवा व्हिनाइल चालते. व्हिनाइल पाण्याला दाद देत नाही आणि पायाला मऊ असते, पण गॅसवरून उतरवलेली कढई त्यावर टेकवली तर वर्तुळ उमटते.

जुनी फरशी न काढता तिच्यावरच नवी टाइल चिकटवण्याची पद्धत अलीकडे रुळली आहे. राडारोडा होत नाही आणि खालच्या मजल्यावरचे शेजारीही भांडत नाहीत. जुनी फरशी कुठेही पोकळ नसेल आणि खालच्या घराच्या छताला गळती नसेल, तरच हे करावे. नऊ मिलिमीटरची टाइल एका चौरस मीटरला २० किलोच्या आसपास भरते, आणि चिकटवायच्या थरासह जमीन अर्धा इंच वर येते. तेवढ्याने दार खाली घासते, नहाणीची जाळी खोल जाते, आणि ओट्याखालच्या ट्रॉलीची सर्वांत खालची फळी नव्या टाइलला अडते. सुताराला टाइलवाल्याच्या आधी बोलावून घ्यावे.