लँडकेअर
ऑस्ट्रेलियातील शेतकरी व स्वयंसेवकांच्या भूसंवर्धन गटांची चळवळ. पहिला गट १९८६ मध्ये व्हिक्टोरिया राज्यात सेंट आर्नोडजवळ विंजालोक येथे स्थापन झाला. शेतकरी महासंघ आणि पर्यावरणवाद्यांनी, एरवीचे मतभेद बाजूला ठेवून, संयुक्त मागणी केल्यावर १९८९ मध्ये पंतप्रधान बॉब हॉक यांनी दशकभरासाठी सुमारे ३२ कोटी डॉलर जाहीर केले. पुढे टेलस्ट्रा या तेव्हाच्या सरकारी दूरसंचार कंपनीच्या अंशतः विक्रीतून अशा कामांसाठी नैसर्गिक वारसा निधी उभा राहिला. रोपे, कुंपणाची तार यांसाठी अनुदान मिळणे त्यामानाने सोपे. खरी ओढाताण होते ती गटांचे काम जुळवणाऱ्या समन्वयकाच्या पगाराची. हा पगार सहसा अल्पमुदतीच्या प्रकल्पाला जोडलेला असतो. खारावलेली जमीन मात्र दोन-तीन वर्षांत सुधारत नाही. समन्वयक गेला की शेतकऱ्यांशी जुळलेले संबंधही तुटतात.