दोन सरकारे आणि आपला एक दाखला



स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा काहींनी सुचवले की बाबासाहेबांच्या चरित्रावर लिहा. त्यावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. मी जरा रुक्ष विषय घेतला आहे. पण हा रुक्ष विषय आपल्या घरात ट्रंकेच्या तळाशी, दाखल्याच्या रूपाने पडून असतो. केंद्र सरकारचे अधिकार कोणते, राज्याचे कोणते आणि या दोघांच्या मधे आपले हक्क कुठे बसतात, हा तो विषय. गावात कोणी म्हणेल, "सरकार ता सरकार, त्यात दोन खंयची इली?" त्यांनी पुढचे जरूर वाचावे.

आपले देवबाग म्हणजे एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. अधिकारांची वाटणी समजून घ्यायला याहून चांगली जागा नाही. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते, त्यापलीकडची केंद्राच्या. होडीवाल्याला पाण्यावर रेघ दिसत नाही, पण कायद्याला दिसते. सातबारा, तलाठी, पोलीस ही राज्याची माणसे नि राज्याचे कागद. पोस्ट केंद्राचे. घर राज्याच्या जमिनीच्या कायद्यात, पण तेच घर भरतीच्या रेषेपासून किती लांब असावे याचे निर्बंध १९९१ पासून केंद्राच्या सीआरझेड अधिसूचनेने आले. घटनेच्या सातव्या परिशिष्टात याच्या तीन याद्या आहेत. घटना लागू झाली तेव्हा केंद्राच्या यादीत ९७ विषय होते, राज्याच्या यादीत ६६ आणि दोघांच्या सामाईक यादीत ४७. यादीत न बसणारे जे काही उरेल ते केंद्राचे. पुढे फेरफार झाले. शिक्षण पूर्वी राज्याचे होते, ते ४२ व्या घटनादुरुस्तीने सामाईक यादीत गेले.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला. त्या भाषणात त्यांनी सांगितले की भारताचे संघराज्य राज्यांनी आपसात केलेल्या करारातून जन्मलेले नाही, म्हणून कोणत्याही राज्याला फुटून जाण्याचा अधिकार नाही. आणि नागरिकत्व एकच, भारताचे. अमेरिकेत राज्याचे वेगळे आणि देशाचे वेगळे असे दुहेरी नागरिकत्व आहे, ते आपण घेतले नाही. याच भाषणात त्यांनी खेड्याच्या गुणगानावरही कठोर टीका केली. या दोन गोष्टी एकाच भाषणात याव्यात हा मला योगायोग वाटत नाही. जे सरकार जवळचे ते दयाळू, असा अनुभव आपल्या माणसांना कधी आलेलाच नव्हता.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचा अनुभव असाच आहे. तिथे 'राज्यांचे अधिकार' या गोंडस नावाखाली गुलामगिरी टिकवली गेली. १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झाले, १८६८ मध्ये चौदावी घटनादुरुस्ती आली, तरी दक्षिणेतल्या राज्यांनी वेगळ्या शाळा, वेगळे डबे चालूच ठेवले. १९५४ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरवल्या. तीन वर्षांनी लिटल रॉक गावात नऊ काळी मुले शाळेत जाऊ लागली तेव्हा आर्कान्सा राज्याच्या गव्हर्नरने त्यांना अडवायला सैनिक उभे केले. मग राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांना केंद्राचे लष्कर पाठवावे लागले. नऊ पोरांना वर्गात बसवायला लष्कर!

आपल्या घटनेत हे धोके आधीच ओळखलेले दिसतात. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. ती पाळणाऱ्याला शिक्षा देणारा कायदा करण्याचा अधिकार कलम ३५ ने फक्त संसदेला दिला, राज्यांना दिला नाही. त्यातून १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा आला. १९७६ मध्ये त्याचेच नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले. पुढे १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदाही संसदेनेच केला. मात्र पोलीस राज्याचे. कायदा दिल्लीचा आणि फिर्याद लिहून घेणारा हवालदार तालुक्याचा, ही फट कार्यकर्त्यांना चांगली माहीत आहे.

पण म्हणून केंद्र ते चांगले नि राज्य ते वाईट असे कोणी समजू नये. कोकणातली खोती घ्या. जमीन हा १९३५ च्या कायद्यापासूनच प्रांताचा विषय. म्हणून बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचे विधेयक आणले आणि जानेवारी १९३८ मध्ये कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा थेट मुंबईच्या कौन्सिल हॉलवर नेला. ते विधेयक मंजूर झाले नाही. पुढे १९४९ मध्ये मुंबई प्रांताच्याच कायद्याने खोती गेली, आणि महारकी वतनही १९५८ च्या राज्याच्या कायद्याने गेले.

आता आपल्या घरचा मामला. १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींनी अनुसूचित जातींचा आदेश काढला. कलम ३४१ प्रमाणे ही यादी राष्ट्रपती काढतात आणि एकदा काढल्यावर तीत बदल करणे फक्त संसदेच्या हाती. मुख्यमंत्र्यांना त्यात एक अक्षर घालता येत नाही. त्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदात अट होती की हिंदूखेरीज दुसरा धर्म मानणारा माणूस अनुसूचित जातीचा धरला जाणार नाही. पंजाबातील काही शीख जातींना तेवढी सूट होती आणि १९५६ मध्ये सर्व शिखांना ती मिळाली. त्याच १९५६ च्या १४ ऑक्टोबरला नागपूरला धम्मदीक्षा झाली. १९५१ च्या शिरगणतीत या भागात बौद्ध काही हजारच होते, ते १९६१ ला महाराष्ट्रात सुमारे २८ लाख झाले. आणि त्या सर्वांचे केंद्राच्या दरबारी नाव कटले.

१९६० साली महाराष्ट्र राज्य झाले. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने नवबौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती राज्यापुरत्या दिल्या. यादी बदलण्याचा अधिकार नसताना हे कसे जमले? तर कलम १५(४) आणि १६(४) मधून. मागासवर्गासाठी शिक्षणात आणि नोकरीत तरतूद करण्याचा अधिकार त्या कलमांनी राज्यालाही दिला आहे. ही वाट केंद्रालाही मोकळी होती. केंद्राने ती आपल्यासाठी धरली नाही, हा दोष कायद्याचा नव्हे, इच्छेचा.

परिणाम काय झाला पाहा. एकाच घरातला थोरला राज्याच्या खात्यात राखीव जागेवर लागू शकत होता. धाकट्याने रेल्वे, पोस्ट किंवा राष्ट्रीयीकृत बँकेचा अर्ज भरला की तो खुल्या वर्गात. मग कोणी अर्जावर 'हिंदू' लिहिले, कोणी लिहिले नाही. दोघांनाही नावे ठेवण्याचा अधिकार पोटभर जेवलेल्याला नाही. विधानसभा-लोकसभेच्या राखीव जागा तर राज्याच्या हातात नव्हत्याच. १९६२ साली महाराष्ट्र विधानसभेच्या राखीव जागेवर निवडून आलेले डी. पी. मेश्राम यांच्याविरुद्धचा दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६४ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की धर्म मानणे म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे. मेश्राम यांनी बौद्ध धर्म उघड स्वीकारला होता, म्हणून ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत.

हा अन्याय १९९० साली संपला. व्ही. पी. सिंग यांच्या सरकारच्या काळात संसदेने आदेशातील तिसरा परिच्छेद दुरुस्त करून हिंदू आणि शीख यांच्या पुढे बौद्ध हा शब्द घातला. एका शब्दासाठी चौतीस वर्षे. एक पिढी भरतीच्या वयातून बाहेर गेली.

तरी दोन सरकारे दोनच राहिली. केंद्राच्या नोकऱ्यांत अनुसूचित जातींना १५ टक्के, महाराष्ट्रात १३ टक्के. दाखल्याचे नमुनेही वेगळे. शिवाय यादी राज्यवार आहे. आपली पुष्कळ मुले पोटापाण्यासाठी गोव्यात जातात. गोव्याच्या यादीतही महार जात आहे, पण सिंधुदुर्गचा दाखला घेऊन गेलेल्या मुलाला गोवा राज्याची राखीव जागा मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९० आणि १९९४ च्या निकालांत हे स्पष्ट केले आहे. केंद्राच्या नोकरीला मात्र तोच दाखला चालतो. आणि १ ऑगस्ट २०२४ रोजी सात न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध एक अशा मताने ठरवले की अनुसूचित जातींच्या आरक्षणात पोटवर्ग पाडण्याचा अधिकार राज्यांना आहे. यादी संसदेची, वाटणी राज्याची. यावर आपल्यात मतभेद आहेत आणि असणारच. पण भांडण मुंबईशी आहे की दिल्लीशी, हे आधी कळले पाहिजे, नाहीतर मोर्चा चुकीच्या दारात जाईल.

आता कामाची गोष्ट. दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात, तो त्या आदेशाची तारीख म्हणून. केंद्राच्या यादीत जातींची नावे आहेत, 'नवबौद्ध' असे नाव नाही. त्यामुळे केंद्राच्या दाखल्यावर धर्म बौद्ध असला तरी मूळ जात लिहावी लागते. १९५६ नंतर शाळेत गेलेल्यांच्या नोंदी नुसत्या 'बौद्ध' असतील तर त्या इथे पुरत नाहीत. आजोबा-पणजोबांचे नाव ज्या शाळेच्या पटावर असेल त्या शाळेतून जुना उतारा आताच काढून ठेवा. कोकणात पाऊस आणि वाळवी कागद शिल्लक ठेवत नाहीत. जे नाव टाकून आपण बाहेर पडलो, तेच त्या उताऱ्यावर ठळक लिहिलेले असेल. मुलांनी विचारले तर त्यांना १९५० चा आदेश आणि १९९० ची दुरुस्ती, दोन्ही सांगा.