पुढचा चढ

गाडी चालवता चालवता बोलणारी माणसं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. स्वतः बोलायला लागले की यांचा पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून सुटतो, आणि दुसऱ्याचं ऐकायला लागले की परत दाबला जातो. शेजारच्याला नुसते हिसके! अमेरिकेत असाच एक वकील होता म्हणे. त्याच्या शेजारी बसणारा माणूस या हिसक्यांना इतका कंटाळला, की त्याने गाडीचा वेग कायम राखणारं यंत्रच बनवायला घेतलं.

या माणसाचं नाव राल्फ टीटर. जन्म १८९० चा, इंडियाना राज्यातल्या हेगर्सटाउनचा. पाच वर्षांचा असताना एका अपघातानंतर त्याची दृष्टी गेली. तरी पठ्ठ्या १९१२ साली इंजिनियर झाला, आणि १९३६ मध्ये तिथल्या ऑटोमोबाईल इंजिनियरांच्या संस्थेचा अध्यक्षही. त्याच्या यंत्राला १९५० मध्ये पेटंट मिळालं आणि १९५८ साली ते क्रायस्लरच्या गाड्यांत आलं. आज आपण त्याला क्रूझ कंट्रोल म्हणतो. डोळ्यांना न दिसणारा वेगातला बदल ज्याला अंगाने कळत होता, त्याने हे करावं यात मला फार अर्थ वाटतो.

पण गंमत अशी, की यंत्रालाही रस्ता दिसत नव्हता! त्याला कळायचा फक्त आत्ताचा वेग. कमी झाला, इंजिनाला जोर दे. वाढला, जोर काढ. बस्स. जेम्स वॅटने १७८८ च्या सुमारास वाफेच्या इंजिनावर बसवलेला गव्हर्नरही हेच करत होता.

कारला हे चालून जातं. ट्रकचं मात्र तसं नाही. ४० टनांचा ट्रक चढाला लागला की साधा क्रूझ कंट्रोल वेग टिकवायला भरमसाट डिझेल ओततो. माथा दहा पावलांवर आला तरी ओततच राहतो, कारण पलीकडे उतार आहे हे त्याला ठाऊकच नसतं. मग उतारावर वेग नको इतका वाढतो आणि ब्रेक लावावे लागतात. म्हणजे आत्ताच पैसे मोजून विकत घेतलेला वेग उष्णता करून हवेत सोडायचा!

थोडा हिशोब करू. ताशी ८० किलोमीटरने धावणाऱ्या ट्रकच्या अंगात, त्याचं वजन कितीही असो, सुमारे २५ मीटर उंच चढण्याइतकी ऊर्जा असते (घर्षण सोडून). वेग ८५ वरून ७५ पर्यंत पडू दिला तर साधारण सहा मीटरची चढण पदरात पडते. पुढे उतार असेल तर तो वेग गुरुत्वाकर्षण फुकटात परत देतं. फक्त पुढे उतार आहे हे आधी माहीत हवं.

हे गणित नवं नाही. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधनाचा थेंब न् थेंब मोजला जाऊ लागला, आणि १९७७ मध्ये श्वार्झकॉफ आणि लाइपनिक यांनी चढउताराच्या रस्त्यावर कमीत कमी इंधनात गाडी कशी चालवावी याचं गणित मांडलं. पण तेव्हा गाडीत बसेल असा संगणक नव्हता, जीपीएस नव्हतं आणि रस्त्याच्या चढउतारांचे नकाशेही नव्हते. उत्तर तयार, पण ते गाडीला सांगणार कोण?

मध्ये तीस वर्षं गेली. स्वीडनमधल्या लिन्शॉपिंग विद्यापीठात एरिक हेल्स्ट्रॉम आणि सहकाऱ्यांनी खऱ्या ट्रकवर, खऱ्या महामार्गावर प्रयोग केला. रस्ता सुमारे १२० किलोमीटरचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा: इंधन साडेतीन टक्क्यांनी कमी, वेळ मात्र तेवढाच. गिअर बदलणं तर ४२ टक्क्यांनी घटलं. साडेतीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतं. पण वर्षाला सव्वा लाख किलोमीटर धावणारा आणि लिटरला तीन किलोमीटर देणारा ट्रक धरा. सुमारे साडेचौदाशे लिटर डिझेल वाचतं. एका ट्रकचं!

त्याच २००९ मध्ये अमेरिकेत फ्रेटलायनरने सुमारे मैलभर पुढचा रस्ता बघणारा क्रूझ कंट्रोल आणला. मग स्कानिया, मर्सिडीज, व्होल्वो. व्होल्वोची पहिली आवृत्ती मला सगळ्यात आवडते. ट्रक एखादा चढ एकदा चढला की तो लक्षात ठेवायचा आणि पुढच्या खेपेला त्याप्रमाणे वागायचा. चढाआधी थोडा वेग घे, माथ्याअलीकडे पाय काढ, उतार लागला की गाडी सोड.

हे वाचलं आणि थबकलो. अहो, हे तर रोज त्याच वाटेने जाणारा कुठलाही मुरलेला ड्रायव्हर करतो! त्याला कुणी गणित शिकवलं नव्हतं. रस्ता शिकवत होता.

अर्थात अर्धवट शिकलेला धडा जीवघेणाही ठरतो. पुण्याला कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे ट्रक आणि त्यातून झालेले अपघात आपण पेपरात वाचत आलो आहोत. न्यूट्रलमध्ये इंजिनाची पकड जाते, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि ऐनवेळी धरत नाहीत. काही नवे ट्रकही उतारावर आपणहून गिअर सोडतात, पण हलक्या उतारावर, आणि वेग वाढला की लगेच पकड परत घेतात. कुठे सोडायचं आणि कुठे धरायचं, हेच तर सगळं ज्ञान.

वाचलेल्या डिझेलचा फायदा मालकाला, हवेला, आपल्या सगळ्यांना. चांगलंच आहे. पण ड्रायव्हरच्या पायात साठलेलं हे शहाणपण आता नकाशात गेलं, आणि नवीन पोराला ते शिकायची गरजच उरली नाही. ज्या वाटेचा नकाशा यंत्राकडे नसेल, तिथे चढ कोण ओळखणार?

असो. पुढच्या वेळी घाटात एखादा लादलेला ट्रक चढाआधीच जोर धरताना दिसला तर हॉर्न वाजवू नका. तो पुढचा रस्ता बघतोय.