रोख्यांचा ज्वर, शेअर बाजाराला कापरे

शेअर घसरले की सरकारी रोखे सावरतात, असा प्रगत देशांतील सर्वसाधारण अनुभव आहे. घाबरलेला पैसा शेअरमधून निघून सुरक्षित रोख्यांकडे वळतो. उदयोन्मुख अर्थव्यवस्थांमध्ये मात्र संकटकाळी दोन्ही बाजार बहुधा एकाच वेळी कोसळतात. रशियाने ऑगस्ट 1998 मध्ये अल्पमुदतीच्या सरकारी रोख्यांची परतफेड थांबवली, तेव्हा तेथील शेअर आणि रूबल यांचीही धूळधाण झाली.

भारताला याचा प्रत्यय 2013 मध्ये आला. रोखेखरेदी हळूहळू कमी करण्याचे संकेत अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष बेन बर्नान्के यांनी 22 मे रोजी दिले. तेथील व्याजदर वाढू लागताच परकीय संस्थांनी प्रथम भारतीय रोखे विकले. रुपये देऊन डॉलर घेतले गेल्याने रुपया घसरला. शेअरमधील परकीय गुंतवणुकीचे मूल्यही डॉलरमध्ये मोजले जाते. त्यामुळे रुपयाच्या घसरणीची झळ तिलाही बसली.

रुपया सावरण्यासाठी रिझर्व्ह बँकेने 15 जुलै रोजी बँकांना तातडीच्या कर्जावर आकारला जाणारा दर 2 टक्क्यांनी वाढवून 10.25 टक्के केला. बाजारातील व्याजदर वाढला की जुन्या, कमी व्याजाच्या रोख्यांची किंमत घटते. असे रोखे मोठ्या प्रमाणावर बँकांकडेच असतात. त्यांना तोटा होणार हे दिसताच दुसऱ्या दिवशी बँकांचे शेअर गडगडले. सुरक्षित समजल्या जाणाऱ्या लिक्विड फंडांचे मूल्यही त्या दिवशी घटले.

16 ऑगस्टला सेन्सेक्स 769 अंशांनी कोसळला. त्याच महिन्यात दहा वर्षे मुदतीच्या सरकारी रोख्यांवरील परतावा 9 टक्क्यांपलीकडे, तर डॉलर 68 रुपयांवर गेला. अखेर बँकांना काही रोखे 15 जुलैच्या भावाने हिशेबात धरण्याची सवलत रिझर्व्ह बँकेने दिली. सप्टेंबरमध्ये अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींसाठी विशेष योजना जाहीर झाली आणि रुपयाला आधार मिळाला.

थोडक्यात, अस्थिरतेचे वहन तीन मार्गांनी होते: दोन्ही बाजारांत पैसा असलेले समान गुंतवणूकदार, चलनाचा विनिमय दर आणि बँकांचे ताळेबंद. जून 2024 पासून भारतीय सरकारी रोख्यांचा समावेश जे. पी. मॉर्गनच्या उदयोन्मुख बाजार निर्देशांकात होऊ लागला. त्यामुळे परकीय भांडवलाचा ओघ वाढतो, तसा तो अचानक आटण्याचा धोकाही वाढतो. निम्मी पुंजी शेअरमध्ये आणि निम्मी दीर्घ मुदतीच्या रोखे फंडात ठेवून निश्चिंत राहणाऱ्यांनी 2013 चा अनुभव ध्यानात ठेवावा. नजीकच्या काळात लागणारा पैसा या दोहोंपासून दूर, बँकेतील ठेवीत असलेला बरा.